आपलं काम आपण घडवलं तर मन सावरतं का, माणसं जवळ येतात का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही सहा वर्षं एका कंपनीच्या ग्राहक-तक्रार विभागात आहात. व्यवस्थापनाने जाहीर केलंय की प्रत्येकाने आपलं काम आपल्या आवडीप्रमाणे आणि हातोटीप्रमाणे घडवावं, त्याने मानसिक स्वास्थ्य सुधारेल आणि कंपनी आपली वाटेल. तुम्हाला शंका येते की जादा काम गळ्यात घालण्याचा हा नवा मार्ग तर नाही. आणि शेवटी तुम्ही जाता जाता एक वाक्य लिहिलंय : ‘मी स्वतःच काही कामं हळूहळू टाळायला लागले आहे, त्याने जरा बरं वाटतं, पण टीममध्ये एकटी पडल्यासारखं होतं.’

संस्थांमधली कामाची रचना आणि तिथल्या माणसांचं मनःस्वास्थ्य या विषयावर मी २२ वर्षं काम करते आहे. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचा गाभा त्या शेवटच्या वाक्यात आहे. काम स्वतः घडवल्याने बरं वाटतं, हे खरंच आहे. पण बरं वाटणं वेगळं आणि इथे आपलं कुणी आहे असं वाटणं वेगळं. गुपचूप केलेला बदल आराम देतो आणि माणसांपासून तोडतो. सगळ्यांच्या देखत, बोलून केलेला बदल आरामही देतो आणि माणसंही जोडतो. असं का होतं ते नीट सांगायचा प्रयत्न करते.

ही कल्पना आली कुठून, ते आधी. कामाची आखणी वरच्याने करायची आणि खालच्याने ती पाळायची, हा विचार फ्रेडरिक टेलर यांनी १९११ मध्ये शास्त्र म्हणून मांडला आणि कारखान्यांपासून कार्यालयांपर्यंत तो मुरला. १९७० च्या दशकात रिचर्ड हॅकमन आणि ग्रेग ओल्डहॅम यांनी दाखवलं की कामात विविधता हवी, निर्णयाची मोकळीक हवी, आपण केलेल्या कामाचं काय झालं हे कळायला हवं. फार मोलाचं काम होतं ते. तरीही रचना करणारा हात साहेबाचाच राहिला. २००१ मध्ये एमी रेझनेस्की आणि जेन डटन यांनी प्रश्न उलटा केला : माणसं मिळालेलं काम जसंच्या तसं करतात का? त्यांचं उत्तर होतं, नाही. माणसं ते रोज थोडं थोडं बदलत असतात, कुणाला न विचारता. याला त्यांनी नाव दिलं जॉब क्राफ्टिंग. मी मराठीत ‘काम घडवणं’ म्हणते.

या विचारामागे एका रुग्णालयातल्या २८ सफाई कर्मचाऱ्यांशी झालेल्या मुलाखती होत्या. सगळ्यांची नेमणूक एकाच कामावर झालेली. काहींनी सांगितलं की काम साधंच आहे, विशेष कौशल्य लागत नाही, आम्ही झाडतो आणि निघतो. काहींनी मात्र रुग्णांबद्दल सांगितलं, कोण आज उदास आहे, कुणाच्या घरून कुणी आलेलं नाही, घाबरलेल्या नातेवाइकांना वाट कशी दाखवली. त्यांच्यातली एक बाई शुद्ध हरपलेल्या रुग्णांच्या खोल्यांमधली भिंतीवरची चित्रं अधूनमधून बदलून लावायची, तेवढ्या बदलाने कदाचित काही फरक पडेल म्हणून. तिच्या नेमणूकपत्रात हे कुठेच नव्हतं. यातूनच काम घडवण्याचे तीन मार्ग पुढे आले : काय काय करायचं ते बदलणं, कामात कुणाकुणाशी संबंध ठेवायचा ते बदलणं, आणि आपण हे कशासाठी करतोय याकडे बघण्याची नजर बदलणं.

नंतर नेदरलँड्समधल्या संशोधकांनी हीच गोष्ट दुसऱ्या अंगाने पाहिली. त्यांच्या मांडणीत प्रत्येक कामाला दोन बाजू असतात. कामाच्या मागण्या, म्हणजे जे आपल्याकडून काढून घेतलं जातं : वेळ, लक्ष, चिडलेल्या माणसाशी शांत राहण्याची ताकद. आणि कामातले आधार, म्हणजे ज्याने आपण भरून निघतो : मोकळीक, शिकायला मिळणं, सहकाऱ्यांची साथ, कुणीतरी ‘बरं झालंय हे’ असं सांगणं. मारिया टिम्स, आर्नोल्ड बाकर आणि डर्क्स यांनी २०१२ मध्ये २१ विधानांची एक मोजपट्टी तयार केली. तिच्यात काम घडवण्याच्या चार रीती आहेत. पहिली, शिकण्याच्या आणि मोकळिकीच्या जागा वाढवणं. दुसरी, माणसांचा आधार वाढवणं, सल्ला मागणं, अभिप्राय मागणं. तिसरी, आपणहून थोडं आव्हानाचं काम घेणं. चौथी, त्रास देणारी कामं कमी करणं.

आता तुमच्या शंकेशी थेट जोडलेली गोष्ट. २०१७ मध्ये अशा अभ्यासांचा एकत्रित आढावा निघाला. कर्मचाऱ्यांचे १२२ वेगवेगळे गट, मिळून ३५,६७० जण. पहिल्या तीन रीतींचा कामातल्या रमण्याशी आणि समाधानाशी चांगला संबंध दिसला. चौथीचा तसा दिसला नाही. २०१९ च्या दुसऱ्या एका आढाव्यात, ज्यांचं काम घडवणं मुख्यतः त्रास टाळण्यासाठी होतं त्यांच्यात थकवा जास्त आणि कामात रमणं कमी, असं चित्र आलं. यावरून ‘टाळल्याने थकवा येतो’ असा सरळ निष्कर्ष मी काढणार नाही. पुष्कळदा माणूस आधीच थकलेला असतो आणि म्हणून टाळू लागतो. पण इतकं नक्की की नुसती काटछाट केल्याने रिकामं झालेलं मन भरून येत नाही. जागा मोकळी होते, तिथे काही येत नाही.

तुम्ही सध्या ही चौथी रीत वापरताय, आणि तीही न सांगता. तुम्हाला दोष द्यायला मी हे लिहीत नाही. सहा वर्षं रोज लोकांचा राग ऐकणाऱ्या माणसाने स्वतःला वाचवायचं नाही तर काय करायचं? पण या वाचवण्याची किंमत कुठे वसूल होते ते मी फार जवळून पाहिलंय.

एका संस्थेच्या लेखा विभागात मी काही महिने जात होते. सात जणांचा विभाग. त्यात १५ वर्षं काम केलेले एक गृहस्थ होते, हिशेबात एकदम पक्के. पुरवठादारांची बिलं तपासून पैसे सोडायचं त्यांचं काम. दिवसभर फोन यायचे : ‘माझं पेमेंट कधी लागणार?’ तोच प्रश्न, वेगवेगळ्या आवाजांत, काही आवाज चढलेले. आधी ते फोन उशिरा उचलू लागले. मग काही फोन वाजून वाजून बंद पडू दिले. शेवटी एक दिवस त्यांनी आपल्या टेबलावरचा फोन शेजारच्या टेबलाकडे वळवून ठेवला. शेजारी आठ महिन्यांपूर्वी लागलेली एक मुलगी बसायची. तिला वाटलं, साहेबांनीच हे काम आपल्याकडे दिलं असणार. फोन घेता घेता तिचं बँकेच्या खात्यांचा ताळमेळ लावण्याचं काम मागे पडायचं आणि ते पुरं करायला ती रोज उशिरापर्यंत थांबायची. दोन महिन्यांनी फोनच्या छोट्या पडद्यावर ‘कॉल फॉरवर्ड’ अशी ओळ तिच्या नजरेला पडली.

भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं, असं मला नंतर वाटलं. ती कुणाला तरी बोलली, त्याने आणखी कुणाला सांगितलं, आणि हळूहळू त्या गृहस्थांभोवतीची हवा बदलली. दुपारच्या सुट्टीत त्यांनी टेबलाशी खुर्ची ओढली की चाललेलं बोलणं थांबायचं. कुणी काही उणं बोलत नव्हतं, नुसते सगळे मोबाइल काढायचे. ते मला म्हणाले, ‘मॅडम, झोप सुधारली माझी, डोकं दुखायचं थांबलं. पण सकाळी इथे यावंसंच वाटत नाही. मी कुणाचं काय वाईट केलंय?’ त्यांचा प्रश्न अगदी मनापासूनचा होता. त्यांच्या लेखी त्यांनी फक्त स्वतःला सांभाळलं होतं.

टिम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये नेमकं हेच तपासलं, जोडीने काम करणाऱ्या सहकाऱ्यांमध्ये. एकाने त्रासदायक मागण्या कमी केल्या की दुसऱ्याचा कामाचा भार आणि दोघांमधले खटके वाढलेले दिसले. काम हवेत विरत नाही. एकाच्या टेबलावरून उचललं की ते दुसऱ्याच्या टेबलावर जातं, किंवा ग्राहकाच्या माथी बसतं. ज्याच्याकडे ते जातं त्याला कारण माहीत नसेल तर तो स्वतःच एक कारण ठरवतो, आणि ते बहुधा आपल्याबद्दलचं वाईटच असतं. तुम्हाला वाटणारं एकटेपण इथून आलं असण्याची शक्यता मला मोठी वाटते. दुसरीही एक गोष्ट असते : टाळणाऱ्या माणसाला आतून माहीत असतं की आपण काहीतरी लपवतोय, म्हणून तोच आधी लोकांपासून लांब राहू लागतो. तुमच्यात यातलं काय आहे ते तुम्हीच तपासू शकता.

त्या विभागात पुढे काय झालं ते सांगते, कारण उपाय तिथूनच दिसतो. आम्ही सगळ्यांना एक साधा व्यायाम दिला. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी तयार केलेल्या एका पद्धतीवर तो बेतलेला आहे. कोऱ्या कागदावर आपल्या कामाचे चौकोन काढायचे. ज्या कामात जास्त वेळ आणि शक्ती जाते त्याचा चौकोन मोठा. मग प्रत्येक चौकोनात लिहायचं की हे काम आपल्या कोणत्या ताकदीला, कोणत्या आवडीला धरून आहे, किंवा कशालाच धरून नाही. सात कागद एका टेबलावर मांडले. त्या गृहस्थांच्या कागदावर फोनचा चौकोनच नव्हता. मुलीच्या कागदावर तो निम्म्या पानाचा होता. कुणी काही बोलेना. मग तेच म्हणाले, ‘फोन मीच वळवले होते.’ थोडा वेळ शांतता. ती मुलगी म्हणाली, ‘मला फोनचा त्रास नाही. मला ठाऊक नव्हतं, त्याचा त्रास झाला.’

हे वाक्य मी माझ्या वहीत लिहून ठेवलंय. त्यानंतर ज्या गोष्टी ठरल्या त्या अगदी साध्या होत्या. मुलीला लोकांशी बोलायला आवडायचं, तिने सकाळचे दोन तास फोन स्वतःकडे घेतले, तेही सर्वांना कळवून. गृहस्थांनी ताळमेळाचा किचकट भाग आपल्याकडे घेतला आणि तो घेताना तिला शिकवलाही. तिसऱ्याच एकाने सुचवलं की दर शुक्रवारी पुरवठादारांना त्यांच्या बिलांची स्थिती कळवणारा मेल पाठवू. त्या मेलने फोनच बरेच कमी झाले. म्हणजे जी गोष्ट एकाला असह्य झाली होती ती सगळ्यांच्याच कामातली खोट होती, फक्त तिच्याबद्दल कुणी बोललं नव्हतं.

आता यामागचं कारण. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांनी अनेक दशकांच्या संशोधनातून मांडलंय की माणसाच्या मनाला तीन गोष्टी लागतात : आपण आपल्या मर्जीने वागतोय ही भावना, आपल्याला काही येतं ही भावना, आणि आपण कुणाशी जोडलेले आहोत ही भावना. गेव्हिन स्लेम्प आणि डायान व्हेला-ब्रॉड्रिक यांनी काम घडवणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या अभ्यासात हाच धागा पकडला. काम घडवल्याने या तीन गरजा भागतात आणि त्या भागल्याने स्वास्थ्य सुधारतं, असं त्यांनी दाखवलं. गुपचूप काटछाट केली तर पहिली गरज थोडी भागते. माझ्या हातात काहीतरी आहे, एवढं समाधान मिळतं. दुसरी गरज जवळपास कोरडीच राहते, कारण टाळण्यातून नवीन काही येत नाही. तिसरीला तर उलट ओरखडा पडतो.

पहिल्या गरजेला मात्र मी मुळीच कमी लेखत नाही. रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्ये मांडलं की नुसतं जास्त काम माणसाला तितकं खचवत नाही, जितकं जास्त काम आणि त्यावर अजिबात हात नसणं या दोन्हींची सांगड खचवते. ब्रिटनच्या सरकारी कर्मचाऱ्यांवर मायकेल मार्मट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं केलेल्या अभ्यासात, कामावर ताबा कमी असणाऱ्यांमध्ये हृदयविकाराचं प्रमाण जास्त आढळलं. तेव्हा ‘माझं काम मी थोडंतरी ठरवीन’ ही मागणी लाडाची म्हणता येणार नाही, तिचा संबंध थेट तब्येतीशी आहे. फक्त ताबा मिळवायची वाट दुसऱ्याच्या पाठीवरून जाऊ नये.

आपलेपणाबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण कंपन्यांमध्ये हा शब्द फार सैल वापरला जातो. टी-शर्ट वाटले, वाढदिवस साजरे केले, की आपलेपणा आला असं समजतात. रॉय बाउमायस्टर आणि मार्क लिअरी यांनी १९९५ मध्ये आपलं असण्याच्या गरजेबद्दल लिहिताना दोन अटी सांगितल्या : वारंवार होणाऱ्या, बऱ्यापैकी सुखाच्या भेटीगाठी, आणि त्या भेटींमागे एकमेकांची काळजी असलेलं टिकाऊ नातं. कामाच्या जागी याचं रूप मला असं दिसतं. मी एक दिवस आले नाही तर कुणाला जाणवतं का? मला अमुक एक गोष्ट जमत नाही, हे मी इथे बोलू शकते का? आणि तिसरं, ज्याकडे फार कमी लोक लक्ष देतात : मी काढलेली एखादी रीत आमच्या सगळ्यांची रीत झाली आहे का? शुक्रवारचा मेल सुचवणाऱ्या त्या माणसाकडे पुढे मी नीट पाहत होते. नवीन कुणी विभागात आलं की इतर जण सांगायचे, ‘हे आपल्याकडे असं करतात,’ आणि तो बाजूला बसून ऐकायचा. त्याच्या चेहऱ्यावर तेव्हा जे असायचं ते कुठल्याही प्रश्नावलीत पकडता येणार नाही.

म्हणूनच मला एकट्याने काम घडवण्यापेक्षा मिळून घडवणं मोलाचं वाटतं. कॅरी लिआना, आयलीन अपेलबाउम आणि इरिना शेव्हचुक यांनी २००९ मध्ये लहान मुलांच्या ६२ केंद्रांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथल्या शिक्षिका आणि मदतनीस जिथे मिळून आपलं काम बदलत होत्या तिथे मुलांच्या देखभालीची प्रत चांगली होती. कमी अनुभव असलेल्यांना तर या मिळून घडवण्याचा विशेष फायदा होता. मला यात आश्चर्य वाटत नाही. नवशिक्या माणसाला एकट्याने काय बदलायचं हे कळत नाही, आणि कळलं तरी धीर होत नाही. कुणी बरोबर असलं की तो धीर येतो.

नजर बदलण्याच्या मार्गाबद्दल एक इशारा द्यायलाच हवा. ‘कामाकडे वेगळ्या नजरेने बघा’ हा सल्ला देणाऱ्याला फुकट पडतो, म्हणून तो सर्रास दिला जातो. पगार कमी, माणसं अपुरी, खुर्ची मोडकी, आणि वर सांगायचं की यातला अर्थ शोधा. मी अशा कार्यशाळा घ्यायला नकार दिलेला आहे. अर्थ सापडतो, पण तो डोळे मिटून विचार केल्याने क्वचित. तो माणसांच्या भेटीतून सापडतो. अॅडम ग्रँट आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग यासाठी मी नेहमी सांगते. एका विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या मागणारे कर्मचारी होते. त्यांच्यातल्या काहींची, त्या देणग्यांतून शिष्यवृत्ती मिळालेल्या एका विद्यार्थ्याशी पाच मिनिटं भेट घडवली. महिन्याभराने त्यांचा फोनवरचा वेळ १४२ टक्के आणि जमवलेली रक्कम १७१ टक्के वाढली होती. कुणीही त्यांना ‘नजर बदला’ म्हणून सांगितलं नव्हतं. ज्याच्यासाठी आपण हे करतो त्याचा चेहरा त्यांनी पाहिला होता. तुमच्या विभागात तक्रार सुटल्यावर त्या ग्राहकाचं पुढे काय झालं हे तुम्हाला कधी कळतं का? बहुतेक ठिकाणी नाही कळत. तिकीट, म्हणजे तक्रारीची नोंद, बंद झालं की माणूस नाहीसा होतो आणि तुमच्या वाट्याला फक्त चिडलेला पूर्वार्ध येतो.

आता तुमची मूळ शंका : जादा काम गळ्यात घालण्याची ही युक्ती आहे का? असू शकते. मी ती तशी वापरलेली पाहिली आहे. एका ठिकाणी एक हुशार बाई नवीन येणाऱ्यांना आपणहून शिकवू लागली. तिला ते मनापासून आवडायचं. सगळे खूश होते. पण तिचं आधीचं टार्गेट एका आकड्यानेही कमी झालं नाही, आणि वर्षाअखेरीच्या अप्रेझलच्या फॉर्ममध्ये या शिकवण्यासाठी रकानाच नव्हता. दीड वर्षात ती नोकरी सोडून गेली, आणि जाताना तिला त्या कामाबद्दल राग नव्हता. राग होता तो आपण दिलेलं कुणाला दिसलंच नाही याचा. ज्यांना कामाचा मनापासून ओढा असतो तेच असे सर्वांत आधी पिळले जातात. आव्हान घेणं चांगलं, हे वर मी लिहिलंय. पण आव्हान घेताना जुनं काही उतरत नसेल तर तेच आव्हान काही महिन्यांत ओझं होतं.

म्हणून तुमच्या कंपनीचा हेतू भाषणावरून ठरवू नका. इतकंच पाहा की काहीतरी नवीन घेणाऱ्याचं जुनं काही कमी होतंय का. तुमच्या टीम लीडरला ‘बरं, हे सोडून दे’ असं म्हणण्याचा अधिकार दिलाय का? की त्यालाही फक्त घोषणा मिळाली आहे? रिकाम्या जागा भरलेल्या नसतील आणि तरी काम घडवायला सांगत असतील, तर ते माणसांच्या कमतरतेवरचं पांघरूण आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत बर्नआउटची, म्हणजे कामाने पार थकून आटून जाण्याची, नोंद केली, तीही आजार म्हणून नव्हे. कामाच्या जागी सतत राहिलेल्या आणि नीट हाताळल्या न गेलेल्या ताणाचा परिणाम, असं तिचं वर्णन आहे. त्या वर्णनात कामाची जागा आहे, हे व्यवस्थापनाने विसरू नये. बिघडलेल्या रचनेची दुरुस्ती ही त्यांची जबाबदारी आहे, आणि ती कर्मचाऱ्याच्या उत्साहावर ढकलता येत नाही.

‘आमच्या हातात असतंच काय?’ असं खालच्या पदांवरचे लोक मला नेहमी विचारतात. याबाबतीत एक अनपेक्षित गोष्ट आहे. जस्टिन बर्ग, रेझनेस्की आणि डटन यांनी २०१० मध्ये वेगवेगळ्या हुद्द्यांवरच्या लोकांशी बोलून पाहिलं, तर वरच्या हुद्द्यावरच्यांना, कागदोपत्री मोकळीक जास्त असूनही, आपल्याला वेळ कसा वापरायला हवा याबद्दलच्या स्वतःच्याच कल्पनांनी बांधल्यासारखं वाटत होतं. खालच्यांना मोकळीक कमी होती, पण इतरांचा विश्वास मिळवून, त्यांच्या अपेक्षा बदलवून त्यांनी जागा तयार केल्या होत्या. माझा अनुभवही तोच आहे. तरीही ठरावीक मिनिटांत कॉल संपवावा लागणाऱ्या किंवा कंत्राटावर असलेल्या माणसाला मिळणारी जागा खरंच अरुंद असते, आणि तिथे यश आलं नाही तर दोष त्या माणसाचा नसतो.

तुम्ही स्वतः आता काय करावं? दोन आठवडे एक छोटी वही जवळ ठेवा. दिवसाच्या शेवटी दोनच गोष्टी लिहा : आज मी काय टाळलं, आणि ते कुणाकडे गेलं. दुसरा रकाना भरताना त्रास होईल, पण तोच महत्त्वाचा आहे. तुम्ही टाळता त्या कामांचं स्वरूपही पाहा. सगळेच कॉल नको वाटतात, की ज्यात तुम्हाला निर्णय घेता येत नाही तेवढेच? तक्रार विभागांत मी बहुतेक वेळा हे दुसरं पाहिलंय. ग्राहक ओरडतो त्यापेक्षा, तो बरोबर असूनही परतावा मंजूर करायचा अधिकार आपल्याला नाही, याने माणूस जास्त पिचतो. तसं असेल तर तुमची मागणी ‘मला हे कॉल नकोत’ अशी ठेवू नका. ‘अमुक रकमेपर्यंतचा निर्णय मला घेऊ द्या’ अशी मागा. त्याने तुमची मोकळीक वाढेल, ग्राहकाचा राग कमी होईल आणि शेजारच्या टेबलावर काही जाणार नाही.

त्याबरोबर एक लहानशी भर घाला, एकच. सहा वर्षांत तुम्हाला जे येतं ते या विभागात दुसऱ्या कुणाला येत नसेल. आठवड्यातून एक अवघड तक्रार टीमने मिळून अर्धा तास पाहायची, हे सुचवता येईल. किंवा सुटलेल्या तक्रारींपैकी काही ग्राहकांना आठवड्याने पुन्हा फोन करून विचारायचं, म्हणजे गोष्टीचा उत्तरार्धही तुम्हाला ऐकायला मिळेल. यासाठी लागणारा वेळ कुठल्या कामातून निघेल हे आधीच लिहून मागा, आणि चार आठवड्यांच्या चाचणीसाठी मागा. कायमच्या बदलाला साहेब कचरतात, चाचणीला सहसा नाही म्हणत नाहीत. ती संपल्यावर ठेवायची की नाही हे टीमसमोर ठरवा.

पण हे सगळं मॅनेजरकडे नेण्याआधी एक बोलणं व्हायला हवं. वहीच्या दुसऱ्या रकान्यात ज्याचं नाव सर्वांत जास्त वेळा आलं असेल, त्याच्याशी. मीटिंगमध्ये नको, मेलवर तर नकोच. बाजूला बसून सांगा, ‘गेले काही महिने मी काही कॉल सोडत होते आणि ते तुझ्याकडे येत होते. मला ते झेपत नव्हते आणि मी सांगितलं नाही. तुला त्यातलं काय चालतं आणि काय नको आहे?’ आणि मग थांबा. मध्ये खुलासे देऊ नका. तो चिडला तर चिडू द्या. त्याचं ऐकून झालं की दोघांचे चौकोन एकाच कागदावर काढा, आणि तोच कागद घेऊन दोघं मिळून मॅनेजरकडे जा.